रक्त आणि शेण: पहिला ढीग लावण्याआधी

शेणखत करायला जमलं म्हणून कत्तलखान्याचा माल, म्हणजे रक्त-आतडी, खतासाठी लगेच त्यात ओतू नका. पहिला ढीग शेण आणि जनावराच्या पोटातल्या अर्धवट पचलेल्या चाऱ्याचा लावा. तो चारा फार गुणाचा, जिवाणूंनी भरलेला असतो. लोक फेकून देतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रक्ताला मात्र जपून. त्यात नत्र खूप, त्यामुळे कोरडा माल कमी पडला की अमोनिया उडतो, डोळे चुरचुरतात. माझा पहिला ढीग असाच गेला. खालून काळं पाणी झिरपत होतं, माश्या घोंगावत होत्या. कार्बन-नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ ठेवा. म्हणजे कार्बन देणारा लाकडाचा भुसा, पेंढा, वाळका पाला वाटतो त्यापेक्षा जास्तच लागतो. तळाला फूटभर भुसा अंथरा, रक्त-आतडी मधोमध घाला, वरून पुन्हा जाड थर द्या.

ओल हाताने बघा. मूठ घट्ट दाबली की गोळा व्हावा, बोटांतून एखाद-दुसराच थेंब यावा.

लांब दांड्याचा थर्मामीटर घ्याच, यात काटकसर नको. उघड्या ढिगाचं तापमान निदान १५ दिवस ५५ अंशांवर राहिलं पाहिजे आणि तेवढ्यात पाच वेळा पलटी, कारण कडेचा थंड माल आत गेल्याशिवाय साल्मोनेला हा रोगजंतू मरत नाही. हाडं इतक्यात कुजत नाहीत. चाळून पुढच्या ढिगात टाका.

आजारानं मेलेलं जनावर यात कधीच घालू नका. हातमोजे घाला, आणि ढीग विहिरीपासून लांब लावा.