मारुतीच्या जुन्या कार्ब्युरेटर (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या) जिप्सीत एस्टीम कारचं एमपीएफआय (दाबाने पेट्रोल फवारणारं) इंजिन बसवलंय. उन्हाळ्यात तासाभराने झटके खाऊन बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप दोनदा बदलला. दोष कुठे शोधू?

तिसरा पंप एवढ्यात घेऊ नका. थंड झाल्यावर गाडी मुकाट्याने चालते, म्हणजे बहुधा पंप उपाशी राहतोय, नाहीतर त्याला पुरेसा करंट मिळत नाहीये. माझ्या जिप्सीला हेच दुखणं होतं. मे महिन्यात कसारा घाट चढताना दोनदा बसली. गॅरेजला पोचेपर्यंत गार व्हायची आणि मेकॅनिक म्हणायचा, "साहेब, गाडी तर ओके आहे."

म्हणून चोर गरम असतानाच पकडायचा. बंद पडली की गाडी बाजूला घ्या, चावी नुसती ऑन करा आणि एकाला मागे पंपापाशी कान द्यायला सांगा. दोन-तीन सेकंद गुंजल्यासारखा आवाज यायला हवा. काहीच आवाज नसेल तर रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच), वायर, अर्थिंग, शेवटी पंपाची मोटर, या क्रमाने बघा. आवाज नेहमीसारखा असेल तर पेट्रोल सोडा, स्पार्क तपासा. गरम झाल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल किंवा सेन्सर हुबेहूब असंच नाटक करतात. आणि आवाज डासासारखा बारीक, चिरका असेल तर पंपात पेट्रोलऐवजी वाफ शिरली आहे.

माझा डासासारखाच होता.

कारण समजून घ्या. कार्ब्युरेटरला जेमतेम पाव बार प्रेशर पुरतं, एमपीएफआयला अडीच-तीन बार लागतं. त्यासाठी टाकीबाहेर, नळीच्या मधे लावतात तो इनलाईन पंप पेट्रोल ढकलण्यात पहिलवान, पण ओढण्यात कच्चा. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात, आणि ओढताना नळीतला दाब कमी झाला की त्याच्याही आधी. पंपानंतर इंजिनाकडे तीन बारच्या दाबाखाली वाफ सहसा धरत नाही. म्हणजे सगळी गोम टाकी ते पंप या हातभर नळीत असते, आणि लोक मात्र बॉनेट उघडून बसतात.

माझ्या गाडीखाली शिरलो तर पंप चासीवर टाकीच्या तळापेक्षा चांगला वीतभर वर, शेजारून सायलेन्सरचा पाईप, आणि पंपाच्या आधी बारीक कागदी फिल्टर. पंपाने करावं तरी काय! पंप टाकीच्या तळाला खाली आणला, आधी फक्त जाड जाळी ठेवली, कागदी फिल्टर पंपानंतर घेतला, मधे पत्र्याची आडशीट मारली. टाकीतच पंप बसवता आला तर सगळ्यात उत्तम, पण त्याला खर्च आहे. रेलपासून (इंजिनावरची पेट्रोल वाटणारी नळी) टाकीपर्यंत उरलेलं पेट्रोल परत नेणारी रिटर्न लाईन धड आहे ना, तेही बघा. तीच नळी इंजिनाची ऊब टाकीत आणते, म्हणून टाकी पावाच्या खाली गेली की त्रास लवकर सुरू होतो.

एवढं करूनही भर दुपारी एकदा झटके आलेच. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला: बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपाच्या टर्मिनलवर १०.९! पंपाला करंट डॅशबोर्डातल्या जुन्या बारीक वायरीतून दिलेला, आणि अर्थिंग रंगावरच बोल्ट मारून केलेलं. बॅटरीपासून फ्यूज आणि रिले टाकून जाड वायर ओढली, चासीचा रंग खरवडून अर्थिंग केलं. बॅटरी ते पंप अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट पडत असेल तर तुमच्याकडेही हेच करा.

फुकटातल्या दोन चाचण्या सांगतो. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडा. बाहेरची हवा फुस्सकन आत ओढली गेली आणि गाडी सुरू झाली तर टाकीचा श्वास कोंडलाय, बाकी काही नाही. दुसरी, पंपावर ओलं गोणपाट टाका, कनेक्टर तेवढा जपा. पाच मिनिटांत सुरू झाली तर उष्णतेवर शिक्कामोर्तब, पण गोणपाट बांधून गाव गाठायचं नाही.

गरम गाडीची प्रेशरची नळी मात्र रस्त्यात कधीही सोडू नका, पेट्रोल थेट तापल्या सायलेन्सरवर उडतं. आणि नळ्या १९९० च्या दशकातल्याच असतील तर आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने त्या मऊ पडून ओढीने आतल्या आत चपट्या होतात. बोटाने दाबून बघा. पंपावर किती व्होल्ट मिळाले ते इथेच कळवा, मग पुढचं सांगतो.