ओपन सोर्स, एआय आणि मास्टोडॉनसारखी समाजमाध्यमं यांचा साध्या माणसाला खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलेजातले सर म्हणतात ओपन सोर्स (ज्याचा कोड कोणालाही बघता, बदलता, वाटता येतो असं सॉफ्टवेअर), एआय आणि विकेंद्रित, म्हणजे एका मालकाच्या ताब्यात नसलेली, मास्टोडॉनसारखी समाजमाध्यमं समाज बदलणार. वडील म्हणतात फुकटात मिळालेलं टिकत नाही. आणि संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या माणसाला यातून काय मिळतं, हे तुम्हाला कळत नाहीये. मला विचाराल तर वडिलांचं निम्मं बरोबर आहे. सरांचं किती बरोबर, ते मी अजून मोजतोय.

मी नागपूरचा. बर्डीवर लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि संध्याकाळी महालातल्या एका 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा संगणक सांभाळतो. हे दुसरं काम बिनपगारी. २०१७ साली ग्रंथपालांचा फोन आला, "भाऊ, संगणक पुस्तकं दाखवूनच नाही रायला." जाऊन पाहिलं तर पुस्तकांच्या नोंदीचा प्रोग्राम दरवर्षी नवी किल्ली मागायचा. ज्यानं तो विकला होता, त्यानं धंदा बंद केलेला, फोन लागत नाही. एकोणीस हजार पुस्तकांच्या नोंदी आत, आणि आम्ही सगळे बाहेर.

कशीबशी फाइल बाहेर काढली, तर पुढचं दुखणं निघालं. नोंदी युनिकोडच्या (संगणकात सगळ्या भाषांची अक्षरं साठवायच्या आजच्या समान पद्धतीच्या) आधीच्या जमान्यातल्या फॉन्टमध्ये टंकलेल्या. पडद्यावर 'कादंबरी' दिसायचं, पण आत साठलेलं असायचं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचं कडबोळं. फॉन्ट काढला की मराठी गायब. हे कडबोळं युनिकोडमध्ये आणायला आम्ही एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. अक्षरामागे अक्षर बदलणं सोपं होतं, छळलं ते पहिल्या वेलांटीनं आणि रफारानं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी डोळ्याला दिसते तशी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं नेमकं उलटं. त्यात जोडाक्षर आलं की बघायलाच नको. तीन महिने रोज रात्री तेच. बायको म्हणाली, या वेलांटीशीच लग्न करायचं होतं.

मग सगळं 'कोहा' या वाचनालयांसाठीच्या ओपन सोर्स प्रोग्राममध्ये टाकलं. या कोहाची गोष्ट तुमच्या वडिलांना जरूर सांगा. १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयाला कळलं की त्यांची जुनी यंत्रणा २००० साल उजाडल्यावर चालणार नाही. नवीन विकत घेण्याऐवजी त्यांनी एका लहान कंपनीकडून स्वतःची यंत्रणा बनवून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू केली आणि जीपीएल परवान्याखाली (कोणीही वापरा, बदला, पण बदललेलं वाटलंत तर तेही असंच खुलं ठेवा) जगाला देऊन टाकली. 'कोहा' हा माओरी शब्द. अर्थ भेट, पण कशी भेट, तर जिची परतफेड मनात धरलेली असते. आपल्याकडचा आहेर! लग्नात दिलेला आहेर फुकट असतो का? वहीत नोंद असते आणि आपली वेळ आली की द्यावा लागतो.

ओपन सोर्सकडे मी तेव्हापासून असंच बघतो. आमच्या वाचनालयाला परवान्याचा एक रुपया पडला नाही हे खरं. पण जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन (लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार), दर आठवड्याला बॅकअप, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की दुपारी मशीन बंद ठेवायची शिस्त, हे सगळं कोणीतरी करतंय म्हणून ते चालतं. वडील जे म्हणतात ते इथे लागू पडतं. फुकट समजून घेतलेलं टिकत नाहीच.

परतफेड झाली नाही तर काय होतं, याचं भयंकर उदाहरण मार्च २०२४ मधलं. 'एक्सझेड' नावाचं फाइली दाबून लहान करणारं एक साधन आहे, लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत आत कुठेतरी असतं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, आणि थकला होता. जिया टान असं नाव लावणारं कोणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं गोड बोलून, नेटकं काम करून विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. जगभरच्या सर्व्हरांमध्ये तो पसरायच्या आधी सापडला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या मशीनवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि तो त्या अर्ध्या सेकंदामागे लागला. कोड उघडा होता म्हणून त्याला खोदता आलं, हे सरांच्या बाजूचं. त्या थकलेल्या माणसाच्या जिवावर मोठमोठ्या कंपन्या चालत होत्या आणि त्याला हात द्यायला कोणी नव्हतं, हे वडिलांच्या बाजूचं.

आता एआय. इथे 'ओपन' हा शब्द फार स्वस्त झालाय. सावजी भोजनालयात मसाल्याची तयार पुडी मिळते ना, तसं समजा. घरी नेऊन तुम्ही त्यात रस्सा करू शकता, तिखट वाढवू शकता, शेजाऱ्याला देऊ शकता. पण आत काय काय आणि किती भाजून घातलंय, ते मालक सांगत नाही. बहुतेक 'ओपन' मॉडेल (मजकुरावर शिकवून तयार केलेले एआय प्रोग्राम) अशी पुडी असतात: शिकून झाल्यावर तयार झालेले आकडे देतात, कशावर शिकवलं तो मजकूर देत नाहीत. फेसबुकवाल्या मेटाच्या लामा या मॉडेलच्या परवान्यात तर ७० कोटींहून जास्त मासिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी वेगळी परवानगी घ्यावी अशी अट होती. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी कंपनीनं आर१ हे मॉडेल एमआयटी परवान्याखाली सोडलं, तो परवाना बराच मोकळा. पण पाककृती तिथेही पूर्ण नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेनं एआयला ओपन सोर्स कधी म्हणायचं याची व्याख्या काढली, तिच्यावरूनही अजून भांडणं आहेतच.

तरी पुडीचाही उपयोग होतो. वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांच्या शीर्षकपानांचे फोटो काढून फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या 'टेसरॅक्ट'कडून वाचून घेतो. हे एचपी कंपनीत १९८५ च्या सुमारास सुरू झालेलं, २००५ मध्ये खुलं झालेलं साधन. छापील मराठी बऱ्यापैकी वाचतं, फक्त पान पिवळं पडलेलं असलं की 'घ' आणि 'ध' मध्ये घोटाळा.

खरी गंमत झाली बोलण्याच्या बाबतीत. आमच्या काही वृद्ध वाचकांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या आणि 'व्हिस्पर' या खुल्या मॉडेलला लिहून काढायला दिल्या. एक आजी म्हणाल्या 'काहून' (म्हणजे 'का'), त्यानं लिहिलं 'का होऊन'. हे चाललं असतं, चूक दिसते तरी. पण त्या म्हणाल्या 'मी जाऊन रायली होती' आणि कागदावर आलं 'मी जात होते'. व्याकरणाची चूक नाही, अर्थ तोच, आणि आजी मात्र गायब! चुकलेलं आपण दुरुस्त करतो. असं गुपचूप धुऊन-पुसून दिलेलं कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या बोलीचा आवाज आणि मजकूर त्याच्या शिकण्यात पुरेसा नाही, दुसरं काय. तो कोणी अमेरिकेतून येऊन भरणार नाही.

विकेंद्रित समाजमाध्यमांचं मी लवकर आवरतो, कारण त्यात आम्ही आपटलो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर भारतातले बरेच लोक मास्टोडॉनवर गेले होते, तेव्हा मी पहिल्यांदा खातं काढलं. कल्पना मला फार आवडली. आपल्या मारबतीच्या मिरवणुकीसारखी. प्रत्येक मोहल्ला आपापला बडग्या, म्हणजे पुतळा, आपल्या पैशानं, आपल्या रागानं बनवतो, कोणा एका मालकाचा सण नाही, तरी रस्त्यावर सगळे एकमेकांना भेटतात. तसे इथे वेगवेगळे सर्व्हर, आणि २०१८ मध्ये वेबच्या मानक संस्थेनं मान्य केलेल्या ॲक्टिव्हिटीपब या सामायिक नियमानं ते आपसात बोलतात.

२०२२ च्या शेवटी, ट्विटर विकलं गेल्यावर, आम्ही वाचकांसाठी स्वतःचा सर्व्हर काढला. चाळीसेक माणसं. दोन महिन्यांत डिस्क भरली, कारण इतर सर्व्हरांवरचे फोटो आपल्याकडे साठत राहतात आणि ते वेळोवेळी काढावे लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये लहान सर्व्हरांवर स्पॅमची लाट आली, आमची नोंदणी उघडी होती, रात्रभर खाती उडवत बसलो. पण खरा कस लागला तो दोन जुन्या सदस्यांच्या जातीवरून झालेल्या भांडणात. कोणाची पोस्ट काढायची? दोघंही मला रोज वाचनालयात भेटणारे. मोठी कंपनी चुकीचा निर्णय देते तेव्हा तिला शिव्या देता येतात, इथे कंपनी मीच होतो. वर्षभराहून जास्त ओढून सर्व्हर बंद केला. सगळे दुसऱ्या एका सर्व्हरवर गेले, अनुयायी सोबत नेता आले, जुन्या पोस्ट मात्र मास्टोडॉनमध्ये सोबत येत नाहीत. त्या गेल्या.

तुम्हाला काय करता येईल, तेही विचारलंय. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' या आवाज गोळा करणाऱ्या प्रकल्पावर मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो, दुसऱ्यांचे आवाज तपासता येतात. दिवसाला दहा मिनिटं. वाचताना मुंबई-पुण्याचा सूर लावायची गरज नाही, घरी बोलता तसंच बोला. आणि तुमच्या गावात वाचनालय असेल तर ग्रंथपालांना एवढंच विचारा की पुस्तकांच्या नोंदी कशात आहेत आणि त्या फाइलची नक्कल त्यांच्याकडे आहे का. आमच्याकडे नव्हती.