टॅक्स क्रेडिट आणि ८४,६०० डॉलरची वेस

प्रश्न : माझं वय ६१, पत्नीचं ६०. गेल्या वर्षअखेरीस दोघेही निवृत्त झालो. मेडिकेअरला (६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा) अजून चार-पाच वर्षं आहेत. इथे डॅलसला मार्केटप्लेसवर (आरोग्य विम्याच्या सरकारी बाजारात) दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हर (मधल्या दर्जाच्या) प्लॅनचा दोघांचा प्रीमियम महिना २,५०० डॉलर दाखवतात. ४०१-के या नोकरीतल्या निवृत्ती खात्यामधून यंदा ८०,००० काढणार आहोत. पुण्यातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवींचं ६,००० डॉलरच्या आसपास व्याज येतं, पण ते करमुक्त आहे. टॅक्स क्रेडिटने, म्हणजे उत्पन्नानुसार प्रीमियमवर मिळणाऱ्या सरकारी सवलतीने, हा विमा परवडेल का?
– एक वाचक

उत्तर : परवडेल, पण आधी त्या व्याजाचं बघू. एनआरईचं व्याज करमुक्त आहे ते भारतात. अमेरिकेत राहणाऱ्याला ते इथल्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं. (दर मार्चमध्ये माझ्यासमोर बसलेलं कुणी ना कुणी हे ऐकून खुर्चीत सरळ होतं.) म्हणजे तुमचं उत्पन्न ८६,०००. २०२६ साठी दोघांच्या कुटुंबाची मर्यादा आहे ८४,६००, दारिद्र्यरेषेच्या चौपट. तिच्यावर एक डॉलर गेला तरी क्रेडिट शून्य, आणि वर्षाचे ३०,००० तुमच्याच खिशातून.

२०२१ ते २०२५ ही वेस नव्हती. तुम्ही लिहिलेल्या त्या सिल्व्हर प्लॅनसाठी उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांहून जास्त भरावं लागत नसे. ८६,००० वर ७,३१० डॉलर. ती वाढीव सवलत गेल्या डिसेंबरात संपली. फटका सर्वांत जास्त तुमच्या वयाला, कारण साठीतला प्रीमियम तरुणाच्या जवळजवळ तिपटीपर्यंत जातो. मला हा नियम निर्दय वाटतो, पण रिटर्न त्याच्याच हिशेबाने भरायचं.

तुमच्या हातात ४०१-के आहे. तिथून काढलेला पैसा उत्पन्नात मोजतात, बचत खात्यातून काढलेला नाही. यंदा ८० ऐवजी ७७ हजारच काढा, उरलेली गरज साध्या बचत खात्यातून भागवा. मग ८३,००० वर ९.९६ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ८,२७० तुम्ही भरायचे. बाकीचे २१,७०० क्रेडिट म्हणून परस्पर विमा कंपनीला जातील. रिटर्न मात्र दोघांनी एकत्रच भरायचं.

अर्जात व्याज वगळू नका. आगाऊ घेतलेल्या क्रेडिटचा हिशेब रिटर्नसोबतच्या फॉर्म ८९६२ वर होतो. जास्तीचं क्रेडिट परत करण्यावर पूर्वी बऱ्याच जणांना मर्यादा असे. २०२६ पासून ती कुणालाच नाही, सगळं परत. म्युच्युअल फंडाचं डिसेंबरातलं नफ्याचं वाटपही उत्पन्नात धरलं जातं आणि नकळत वेस ओलांडायला लावतं. तेव्हा नाताळच्या आधी बेरीज करा, आणि गरज पडली तर ४०१-के मधली शेवटची रक्कम जानेवारीत काढा.