नायजेरियाच्या डेल्टा राज्यात एवढं तेल असूनही लोक गरीब का? आळशी आहेत म्हणून की सरकार वाईट म्हणून?

‘आळशी’ हा शब्द वाचला म्हणून लिहितोय. वॉरीला एका कंत्राटदाराकडे मी मेन्टेनन्सचं काम केलंय. वॉरी हे तेलाचं शहर. राजधानी असाबा मात्र राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, नायजर नदीच्या काठी. तेल निघतं ते दक्षिणेकडच्या दलदलीत आणि खारफुटीत, जिथे उर्होबो, इसोको, इत्सेकिरी, इजॉ लोक राहतात.

आमच्या फ्लो स्टेशनला (विहिरींतलं तेल गोळा करून त्यातला गॅस वेगळा करतात ती जागा) लागून एक उर्होबो गाव होतं. तेलाबरोबर येणारा गॅस तिथे जमिनीलगतच जाळायचे, रात्रंदिवस. गावातल्या बायका कसावा (आपला साबुदाणा ज्या कंदाचा, तोच) सोलून, किसून, पिळून डोक्यावरून आणायच्या आणि त्या ज्वाळेच्या धगीत वाळत घालायच्या. मला तिथे दोन मिनिटं उभं राहवत नसे. त्या वाकून, तोंडाला फडकं बांधून, हाताने ढीग उलटत राहायच्या. तिथे वर्षातले बहुतेक महिने पाऊस, उन्हाचा भरवसा नाही. एकीला मी म्हटलं, हा धूर बरा नाही. ती म्हणाली, “लाकूड विकत आणावं लागतं, ओगा (म्हणजे साहेब). ही आग फुकट आहे.” असा गॅस परवानगीशिवाय जाळायला तिथे 1984 पासून बंदी आहे. परवानगी मिळते, दंड भरला जातो, आग चालू राहते. आणि त्याच गावात संध्याकाळी दिव्यासाठी पेट्रोलवरचे छोटे जनरेटर.

आळशी म्हणे!

आता कारण. जमिनीखालचं तेल 1969 च्या कायद्याने केंद्र सरकारचं झालं. 1978 च्या जमीन कायद्याने राज्यातली जमीन गव्हर्नरच्या, म्हणजे राज्याच्या प्रमुखाच्या, ताब्यात गेली. शेतातून पाइपलाइन गेली तर शेतकऱ्याला मिळते ती उभ्या पिकाची, झाडांची, बांधकामाची भरपाई. तेलात त्याचा वाटा शून्य. पैसा देशाच्या राजधानीला, अबुजाला जातो आणि तिथून दर महिन्याला वाटप होतं. स्वातंत्र्याच्या वेळी तेल-खनिजांच्या उत्पन्नातला 50 टक्के वाटा ते जिथे निघतं त्या प्रांताला मिळायचा. लष्करी राजवटीत तो नाममात्र उरला, 1999 च्या घटनेने किमान 13 टक्के केला. त्यामुळे गव्हर्नरचं सगळं लक्ष अबुजाकडे. गावकऱ्याच्या करावर ज्याचं काही अडत नाही, तो गावकऱ्याला हिशेब कशाला देईल? खालची 25 स्थानिक सरकारं तर वर्षानुवर्षं गव्हर्नरच्या तोंडाकडे बघत आलीत.

आमचे साडू दर दिवाळीला हाच विषय काढतात : “तिकडची माणसंच तसली.” त्यांना माझं एकच उत्तर असतं. बॉम्बे हायचं तेल समुद्रातलं, त्याची रॉयल्टी केंद्राला जाते, महाराष्ट्राला नाही. त्यावरून महाराष्ट्रातली माणसं कशी आहेत ते ठरवायचं का? पैसा कुठे जातो हे कायदा ठरवतो, स्वभाव नाही. हे त्यांना अजून पटलेलं नाही.

लुटारू तिथे नाहीत असं मी म्हणत नाही. डेल्टाचे माजी गव्हर्नर जेम्स इबोरी यांना 2012 मध्ये लंडनच्या कोर्टाने मनी लाँडरिंगसाठी 13 वर्षांची शिक्षा दिली. पाइपलाइन फोडून चोरून तेल गाळणारी पोरंही आहेत, आणि त्यांच्यामुळेही खाड्या काळ्या होतात. पण ती पोरं 1969 साली जन्मलीही नव्हती.

खरंच समजून घ्यायचं असेल तर 2021 चा पेट्रोलियम कायदा वाचा. आता कंपनीने आदल्या वर्षीच्या चालू खर्चाच्या 3 टक्के रक्कम गावांच्या ट्रस्टला द्यायची आहे. आणि कुणी पाइपलाइन फोडली, तर दुरुस्तीचा खर्च गावाच्याच त्या पैशातून कापायचा, हेही त्याच कायद्यात आहे.