‘मोबाईलवरून झोप कशी लावणार हो, ताई?’

“मोबाईलनंच माणसांची झोप उडवली म्हणतात, आणि तुम्ही मोबाईलवरूनच ती परत आणणार?” पहिल्याच फोनवर बाईंनी मला ऐकवलं. निद्रानाशाच्या समुपदेशनासाठी मला दूरच्या गावांतून फोन करणाऱ्या बहुतेकांच्या मनात हीच शंका असते, फक्त इतकं रोखठोक कुणी बोलत नाही. समोर बसल्याशिवाय, तपासल्याशिवाय हे जमायचं कसं? या बाईंची गोष्ट त्यासाठीच सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई पंचेचाळिशीच्या. झोपेची तपासणी होते असं जवळचं रुग्णालय सहा तासांवर, म्हणजे दोन दिवस मोडणार. “जाऊ कधीतरी” म्हणता म्हणता दीड वर्ष जागून काढलेलं.

व्हिडिओ कॉल करून पाहिला. त्यांचा चेहरा गोठायचा आणि आवाज मागून यायचा. दुसऱ्या वेळी व्हिडिओचा नाद सोडला. निद्रानाशाच्या समुपदेशनात बघण्यापेक्षा ऐकायचं आणि हिशेबाचंच काम जास्त, त्याला साधा फोन पुरतो. गोळ्यांआधी हेच करून बघा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्येच सांगितलं आहे.

त्यांना झोपेची डायरी ठेवायला सांगितली. अंथरुणावर कधी पडलात, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलात. रात्री घड्याळ बघायचं नाही, सगळं सकाळी अंदाजानं लिहायचं आणि पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा. रेंज आली की तो आपसूक जातो.

दोन आठवड्यांची पानं आली. रात्री ९ ला अंथरुणावर, पहाटे ५:३० ला बाहेर. साडेआठ तास पडून झोप जेमतेम ५ तास, म्हणजे ६० टक्केसुद्धा नाही. हा आकडा ८५ च्या आसपास असला की झोप बरी चालली आहे म्हणायचं.

पण माझी नजर अडली ती पानाच्या कडेला. तिथे पेन्सिलीनं बारीक आकडे होते: १४, १९, २२, १७.

“हे काय लिहिलंय?”

“ते ह्यांचं. घोरता घोरता ह्यांचा श्वास थांबतो. मी सेकंद मोजत बसते. विसाच्या वर गेलं की हलवते.”

माझ्या खोलीत येऊन बसल्या असत्या तर डायरी स्वच्छ उतरवून आणली असती आणि हे आकडे मला कधी दिसलेच नसते.

झोपेत श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की तो मोजण्याजोगा श्वासरोध. असं वारंवार होणं म्हणजे स्लीप ॲप्निया, पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम. त्यांनी फोनवर नवऱ्याचा रक्तदाब, दिवसाची पेंग, मानेचा घेर विचारला आणि घरी करायच्या तपासणीचं यंत्र कुरिअरनं पाठवलं. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप. पहिली रात्र वाया गेली, क्लिप निसटली होती. दुसऱ्या रात्री बाईंनी ती चिकटपट्टीनं बसवली. निकाल आला: तासाला ३४ वेळा श्वास अडतो. ३० च्या पुढे तीव्र धरतात. (हृदयाचा किंवा फुप्फुसांचा मोठा आजार असेल तर ही घरगुती तपासणी चालत नाही. तिथे सहा तासांचा प्रवास करावाच लागतो.)

मग सीपॅप आलं. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं हे यंत्र रात्रीची नोंद स्वतःच पाठवतं. पहिला आठवडाभर वापर दोन तासांपुढे जाईना. एरवी हे तीन महिन्यांनी भेटीत कळतं, तोवर यंत्र कपाटात गेलेलं असतं. इथे नवव्या दिवशी तंत्रज्ञाचा फोन गेला, “हवा गळतेय, पट्टे दाखवा.” गळू नये म्हणून त्यांनी पट्टे करकचून आवळले होते. आवळले की मास्कची कड दुमडते आणि गळती उलट वाढते. सैल केल्यावर वापर पाच तासांवर गेला.

नवऱ्याचं घोरणं थांबलं की बाईंची झोप आपोआप परतेल, असा माझा होरा होता. तो साफ चुकला. घर शांत झालं आणि बाई यंत्राची घरघर ऐकत जाग्या. दीड वर्षाचा पहारा असा एका रात्रीत थोडाच सुटतो?

तेव्हा दोन गोष्टी ठरवल्या. अंथरुणावर फक्त ११:३० ते ५. झोप येत नाहीसं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत. त्या चिडल्याच: “आधीच झोप नाही, त्यात जागायला लावता?” पहिला आठवडा जड जातो, दिवसा पेंग येते, म्हणून गाडी आणि यंत्रावरची कामं बंद ठेवायला सांगितली. अपस्माराचा (फिट्सचा) किंवा बायपोलरचा (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा) त्रास असलेल्यांनी हा प्रयोग मनानं करूच नये. अंथरुणावरच्या वेळातली झोप सरासरी ८५ टक्क्यांवर गेली की तो वेळ १५ मिनिटांनी वाढवायचा. सहाव्या आठवड्यात त्या सव्वासहा तासांवर आल्या.

दुसरी गोष्ट पेन्सिलीची. रात्री मोजायचं नाही. तासाला किती वेळा श्वास अडला हे यंत्र सकाळी पडद्यावर दाखवतं, तेवढंच लिहायचं. याला त्या पटकन तयार झाल्या नाहीत. “यंत्र चुकलं तर?” हा प्रश्न तीन फोन चालला. शेवटी आठवडाभर दोन्ही आकडे लिहा म्हटलं. चौथ्या रात्रीनंतर त्यांचा रकाना कोराच.

शेवटचा फोटो आला त्यात कडेला एकच आकडा होता, ३, यंत्राचा. बाकी पान रिकामं. फोन केला तर म्हणाल्या, “लिहायचंच राहिलं, जागच सहाला आली.” उठायची वेळ पाळायची ठरली होती, त्यावरून मी त्यांना थोडं बोललेही.