आईची केमो चालू आहे आणि मैत्रिणींनी ग्रुपमधून वगळलं, दहावीतल्या मुलीने काय करावं?

आईला स्तनाचा कर्करोग, दर 21 दिवसांनी केमो. तू घरचं कुणाला सांगितलं नाहीस, म्हणून 'भाव खाते' म्हणत मैत्रिणींनी तुला सोडून नवा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यातलीच एक आता आजारपणाचं वर्गभर सांगत सुटली आहे. मी शाळेत समुपदेशन करते. माझ्या मते आधी कॅलेंडर हातात घे, मैत्रिणींचं नंतर बघू.

केमो चढवली तो पहिला दिवस धर. पुढचे तीन-चार दिवस बहुतेकांना मळमळ आणि थकवा असतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट खाली येतात, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. तिसऱ्या आठवड्यात आई बऱ्यापैकी सावरते. तुझे वाढदिवस, एकत्र अभ्यास, भटकणं सगळं या तिसऱ्या आठवड्यात टाक. मग 'नाही जमणार' असं तोडून न टाकता 'या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी नक्की' म्हणता येतं. कारण न सांगता तीनदा नकार दिला की समोरची आपल्या मनाने कारण ठरवते, आणि ते सहसा वाईटच असतं.

काउंट कमी असतानाच्या दिवसांत एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: आईचा ताप 100.4 फॅरेनहाइट किंवा जास्त दिसला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. गोळीने आकडा उतरतो, संसर्ग आत वाढतच राहतो. थर्मामीटर, फाइल आणि हॉस्पिटलचा नंबर एकाच पिशवीत ठेवा. तुला सर्दी-खोकला झाला तर मास्क लाव आणि वेगळ्या खोलीत झोप, वेगळी खोली नसेल तर निदान आईपासून लांब. वर्गात कांजिण्या निघाल्या तर डॉक्टरांना कळवा. रात्रीच्या जागरणाची पाळी मात्र बाबा, मावशी, आत्या यांच्यात वाटून घेऊ दे. दहावीच्या मुलीकडे ती नसावी, हे मी बाबांनाही स्पष्ट सांगेन.

आता मैत्रिणी. बातमी फुटलीच आहे, तर ती तुझ्या शब्दांत जाऊ दे. आजार आईचा आहे, म्हणून किती सांगायचं हे आधी तिला विचार. मग एवढंच लिही: 'आईवर उपचार चालू आहेत, म्हणून मी कमी भेटते. यावर ग्रुपवर चर्चा नको, बाकी नेहमीसारखं बोला.' स्टेज, रिपोर्ट, फोटो काही नाही. रात्री अकराला रडत टाइप केलेला लांबलचक मेसेज हमखास घात करतो. त्याचा स्क्रीनशॉट नव्या ग्रुपवर पोचतो आणि सकाळी तू त्याचीच उत्तरं देत बसतेस. लिहून ठेव, शाळेतून आल्यावर पाठव.

जिने पसरवलं तिच्याशी मधल्या सुट्टीत एकटीशी बोल, सोबत वकील म्हणून दुसरी मैत्रीण नको. 'तू सांगितलंस ते मला आवडलं नाही. यापुढे कुणी विचारलं तर तिलाच विचारा म्हण.' बस. ती 'काळजीपोटी सांगितलं' म्हणेल, कदाचित खरंही असेल, वाद घालू नकोस. नव्या ग्रुपमध्ये घ्या म्हणून विनवू नकोस. सगळ्या परत येतीलच असं नाही. रोजचा अभ्यास आणून देणारी एक टिकली तरी दहावी निघते. पण आईच्या टकलावर किंवा विगवर कुणी विनोद केला, फोटो फिरवला, तर ते रुसवेफुगवे नव्हेत. मेसेज डिलीट होण्याआधी तारखेसकट स्क्रीनशॉट काढ आणि वर्गशिक्षकांना दाखव.

वर्गशिक्षकांना एरवीही याच आठवड्यात भेट, बाबांना घेऊन. हजेरीची अट 75 टक्के असते, म्हणून हॉस्पिटलच्या चिठ्ठीसह अर्ज आत्ताच द्या, फेब्रुवारीत धावपळ नको. तोंडी परीक्षा किंवा प्रात्यक्षिक केमोच्या दिवशी येत असेल तर तेही आधी सांगा. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण फुकट घालवण्याचं कारण नाही.

झोप उडाली, जेवण जाईना किंवा जगणं नको वाटलं, तर त्याच दिवशी घरातल्या मोठ्यांना सांग आणि 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.