पावसाळ्यात टायरची हवा कमी ठेवली तर गाडी घसरत नाही, हे खरं आहे का?

नाही. अजिबात नाही. हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो की ऐकून गप्प बसवत नाही.

तुम्ही लिहिलंय की जुलैत पुण्याहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जायचंय, गाडी साधी हॅचबॅक, माणसं चार, आणि पंक्चरवाल्याने ३३ ऐवजी २५ हवा ठेवायला सांगितलीय. बरीच वर्षं गाडी चालवणारी मंडळीही हेच सांगतात आणि वाद घालतात.

वाळूत, चिखलात हवा सोडली की टायर पसरतो आणि रुतत नाही. समज आला तो तिथून. पण वाळूवर टायरने वरच राहायला हवं असतं. ओल्या डांबरावर रबराने पाणी सारून खाली टेकायला हवं. ते पाणी सारायचा दाब ढोबळमानाने टायरमधल्या हवेइतकाच असतो. हवा कमी केली की पाण्याला टायर उचलणं सोपं जातं. शिवाय मऊ टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात आणि पाणी निघायच्या वाटाच बंद होतात.

नासाने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून याचं सूत्र काढलं. हवेच्या दाबाचं (पीएसआय, म्हणजे पंपावर सांगतात तोच ३३-२५ चा आकडा) वर्गमूळ काढा, त्याला १६.७ ने गुणा. येईल त्या वेगाला (ताशी किमी) टायर पाण्यावर पूर्ण तरंगतो. ३३ ला उत्तर ९६, २५ ला ८३.५. म्हणजे आठ पॉइंट हवा सोडून तुम्ही हातातले साडेबारा किमी घालवले. ब्रेक दाबून चाक लॉक केलं तर हा आकडा आणखी खाली येतो. चाक लॉक होऊ न देणाऱ्या एबीएस ब्रेकचा उपयोग तिथे आहे. ट्रक-बसच्या टायरमध्ये शंभरच्या आसपास हवा असते, त्यांचं गणित १६० च्या पुढे जातं. म्हणून एसटी शेजारून वेगात निघून गेली तरी तिच्या मागे लागू नका.

हवा तपासायची ती सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. पंप दोन-तीन किमीच्या आत असावा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरून घ्या. चौघं आणि सामान असेल तर त्याच स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा बघा, मागच्या चाकांना तो बहुधा जास्त असतो. स्टेपनीही बघा.

हवेइतकीच महत्त्वाची खाच. नव्या टायरची खाच सात-आठ मिमी असते. कायद्याने १.६ मिमीपर्यंत टायर चालतो, पण मी म्हणेन पावसाळ्याआधी तीनच्या खाली असेल तर बदलाच. खाच झिजलेल्या गोटा टायरला वरचं गणित जसंच्या तसं लागतं, चांगल्या खाचेची सवलत त्याला मिळत नाही. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे टाका. दुकानदार पुढे टाकायला सांगेल, ऐकू नका. पुढचे टायर तरंगले तर स्टिअरिंग हलकं लागतं आणि तुम्हाला कळतं. मागचे तरंगले तर कळेपर्यंत गाडी गोल फिरलेली असते.

आता रस्ता. हा धोका तुम्हाला घाटात कमी आहे, तिथे तुम्ही तीस-चाळीसने चालवाल. खरा धोका पुणे ते उंब्रज हायवेवर, नव्वदच्या वेगात. अवजड गाड्यांनी डाव्या लेनमध्ये चाकोऱ्या पाडलेल्या असतात, त्यात पाणी साठतं. चाके त्या चाकोरीतून जरा बाजूला ठेवा. एक वळण संपून उलटं वळण सुरू होतं तिथे रस्त्याचा आडवा उतार मधेच शून्य होतो आणि पाणी वाहून जात नाही. तिथे आधीच वेग कमी करा. धो धो पावसात साठच्या वर नको, क्रूझ कंट्रोल बंद. स्टिअरिंग एकदम हलकं झालं किंवा इंजिनाचा आवाज अचानक चढला तर अॅक्सिलरेटर हळू सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक मारू नका. एक-दोन सेकंदांत टायर पुन्हा टेकतो.

वाहत्या पाण्यात मात्र हवेचा काहीच संबंध नाही. हॅचबॅकचं वजन नऊशे किलोच्या आसपास आणि तळाचं क्षेत्रफळ पाच-साडेपाच चौरस मीटर धरा. तळाच्या वर सोळा-अठरा सेंटीमीटर पाणी चढलं की गाडी उचलली जाते. बाहेरून बघितलं तर पाणी चाकाच्या मध्याच्या जेमतेम वर आलेलं असतं. फरशीवरून किंवा पुलावरून पाणी वाहत असेल तर मागे फिरा, पुढची गाडी गेली तरी. साठलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनासाठीचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर विमा कंपनी बहुतेक वेळा हा खर्च नाकारते.

घाट उतरताना दुसरा गिअर ठेवा, आणि दरड पडून रस्ता बंद नाही ना, हे निघायच्या सकाळी विचारून घ्या.

एक राहिलं. हवा जास्त भरणं हाही उपाय नाही. ४० भरली तर टायर मधेच टेकतो आणि ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाते. वरचं सूत्रही खोल पाणी आणि गुळगुळीत टायर धरून आहे. चांगल्या खाचेला, पातळ पाण्यात थोडी जास्त सवलत मिळते. आणि गुहागरला समुद्रावर गाडी वाळूत रुतलीच, तर तिथे खुशाल वीसपर्यंत हवा सोडा. डांबरी रस्त्याला लागलात की पहिल्या पंपावर परत स्टिकरवरच्या आकड्याइतकी करा.